प्रत्यक्ष पाहून

१२ जानेवारी

पत्र आलं. उभ्या उभ्या दोनदा वाचलं, मग हिला वाचून दाखवलं. मेट्रोचं बांधकाम आणि तिथे राबणारी माणसं यांची चित्रं काढायला सहा चित्रकार नेमलेत, त्यांत सहावं नाव माझं. प्रत्येकाने सहा कामगारांची सहा चित्रं काढायची. स्टेशन उघडेल तेव्हा ती तिकीटखिडकीसमोरच्या भिंतीवर कायमची लागणार. 'कायमची' हा शब्द पत्रातलाच. मी त्याखाली रेघ ओढली.

हिने पहिल्या झटक्यात विचारलं, "बाकीचे पाच शिकलेले असतील ना?"

"पाचही पदवीवाले."

"मग तुम्हाला कसं काय घेतलं?"

"चित्रं बघून."

"म्हणजे ते नटबोल्ट?"

हसली, पण पत्र तिनेच जपून कपाटात ठेवलं.

हो, नटबोल्ट. बावीस वर्षं पंपाच्या कारखान्यात सुट्या भागांच्या सूचिपत्रासाठी चित्रं काढली. ना शाळा, ना गुरू. मी वॉशर जरा जाड काढला तर कुठल्यातरी लांबच्या गावचा फिटर चुकीचा वॉशर मागवणार, या धाकाने हात तयार झाला. पुढे कॉम्प्युटर आला आणि मला नारळ मिळाला, ते असो.

आजपासून ही वही. नियम एकच: जे पाहिलं तेच लिहायचं. चित्राच्या कोपऱ्यातही तेच येईल. 'प्रत्यक्ष पाहून', तारीख, वेळ, जमिनीपासून उंची, मग सही. पदवीवाल्यांनी खुशाल आपापल्या भावना रंगवाव्यात.

१९ जानेवारी

कामावर पहिला दिवस. हेल्मेट सैल, बूट एक नंबर मोठे. रस्त्याच्या मधोमध खांबांची रांग आहे. काही पुरे झालेत, काहींचे नुसते सळयांचे सांगाडे आभाळात उभे. आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या बाईंनी मला सळया बांधणाऱ्या टोळीत सोडलं आणि म्हणाल्या, "यांना काम करताना टिपायचंय. सहज, नैसर्गिक." त्या गेल्यावर मुकादम म्हणाला, "सहज काम करा रे, मास्तर आलेत." सगळे फिदीफिदी हसले आणि जो तो पोट आत घेऊन उभा राहिला.

एकजण मात्र हसला नाही. चाळिशीचा, काटकुळा, जाड भिंगांचा चष्मा. सळईवर सळई आडवी, त्यांना बारीक तारेचा वेढा, हातातल्या आकडीने एक झटका, झाली गाठ. मी त्याचे हात काढले. जाता जाता त्याने माझ्या चित्रांच्या कच्च्या वहीत डोकावून पाहिलं.

"चूक आहे मास्तर."

कानशिलं तापली माझी. "काय चूक आहे?"

"दोन वेढे काढलेत. मी दीड देतो. दोन दिले की तार तुटते, एक दिला की सळई सरकते."

बघितलं. दीडच होता. बावीस वर्षांत माझी चूक काढणारा हा दुसरा माणूस, पहिला मी. खोडून दीड केला.

त्याला सगळे चष्मा म्हणतात. खरं नाव मुकादमालाही आठवावं लागलं.

२७ जानेवारी

चष्म्यासोबत वर गेलो होतो. बांबूची नाही, लोखंडी पाइपांची परांची आहे. सत्तर पायऱ्या, वर फळ्यांची मचाण, उंची पंचेचाळीस फूट. मी स्वतः फीत सोडून मोजली. मुकादम म्हणाला, "आमच्या नकाशात लिहिलेली आहे की." म्हटलं, असेल.

वर प्रत्येकाच्या कमरेच्या पट्ट्याला दोन हुक असतात. मचाणीवर छातीइतक्या उंचीवर एक पोलादी दोर ताणलेला आहे, त्यात हुक अडकवायचे. पुढे सरकायचं तर एक काढायचा, पुढे लावायचा, मग दुसरा. दोन्ही कधीच सुटे नसतात. चष्मा हे इतक्या सवयीने करतो की चालताना हाताची हालचाल होते तेवढीच वाटते.

त्याची एक गंमत. वर चढण्याआधी खिशातून लाल गोफ काढतो, चष्म्याच्या दोन्ही काड्यांना लावतो आणि गळ्यात अडकवतो. खाली उतरला की गोफ काढून पुन्हा घडी घालून खिशात.

"ठेव की कायम," मी म्हटलं.

"बायकोने विणलाय. मळेल."

"वर मळत नाही?"

"वर पर्याय नाही. चष्मा पडला तर मी आंधळा." मग डोळा मारून, "आणि ती म्हणते, चष्मा गेला तर दुसरा आणू, गोफ गेला तर घरात घेणार नाही."

दुपारचा डबा सोबत खाल्ला. त्याने माझ्या डब्यात बघून "वहिनींचा हात सढळ आहे" असा शेरा मारला. घरी सांगितलं तर उद्यापासून एक भाजी जास्तीची देते म्हणाली. मला बावीस वर्षांत कधी मिळाली नाही.

४ फेब्रुवारी

तीन चित्रं झाली: वेल्डर, क्रेन चालवणारा, झेंडी दाखवणारी बाई. देखरेखवाल्या बाई म्हणाल्या, "यांत एकही रेघ उगीच नाही." मी मान हलवली. घरापर्यंत चालत आलो, बसमध्ये बसलं तर हा आनंद गर्दीत सांडेल असं वाटलं.

चौथं चष्म्याचं. ते सगळ्यांत मोठं करणार.

९ फेब्रुवारी

चष्म्याच्या चित्रासाठी मचाणीवर जाऊन मागचा भाग काढून आणला. खांबाचा माथा, उघड्या सळया, फळ्या, खाली काडेपेटीएवढ्या गाड्या. चष्मा आज शेजारच्या खांबावर होता, उद्यापासून इथे येणार. वेळ सकाळी सव्वादहा ते पावणेअकरा. वर वारा इतका की कागदाला चार चिमटे लावूनही फडफड. अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबू देत नाहीत.

तो पोलादी दोर आज नव्हता. काँक्रीटचा साचा वरून उतरवताना क्रेनला अडतो म्हणून काढला, असं खालच्या मदतनिसाने सांगितलं. बरं झालं. चित्रात तो नेमका मधोमध येत होता, छाती कापल्यासारखा दिसला असता. नव्हता म्हणून काढला नाही. डोळ्यांसमोर नाही ते माझ्या कागदावर नाही.

११ फेब्रुवारी

चष्म्याला खालीच उभा केला. जमिनीवर एक सांगाडा बांधणं चाललंय, त्याच्या दुसऱ्या आडव्या सळईवर तो उभा. जमिनीपासून दोन फूट. हाताची ठेवण, मानेचा कल, गुडघा, सगळं वर असतं तसंच. पाऊण तास सलग मिळाला. उजेड डावीकडून, परवा वर होता तसाच. मुद्दाम तीच वेळ साधली.

तो पुतळ्यासारखा उभा, पण तोंडाला आराम नाही.

"मास्तर, हुक कमरेलाच लोंबतायत माझे."

"लोंबू देत. स्प्रिंगसकट काढलेत."

"पण चित्रात मी वर असणार ना? लोकांना काय माहीत मी दोन फुटांवर आहे? म्हणतील, काय बेफिकीर गडी आहे."

"लोक हुक बघतात का? हात बघतील तुझे."

"सुरक्षावाले साहेब बघतात."

"ते चित्र आहे रे, तुझी हजेरी नाही. मान हलवू नकोस."

मग म्हणाला, "तसंही वर सध्या हुक लावायचे कशात? दोर काढलाय तो काढलाय. मुकादमाला दोनदा सांगितलं. आज बांधतो, उद्या बांधतो चाललंय."

मी त्या वेळी अंगठ्याची सावली काढत होतो. मान हलली म्हणून ओरडलो त्याच्यावर.

१६ फेब्रुवारी

चित्र झालं. चार दिवस दुसरं काही केलं नाही. मचाण आणि माणूस यांचा सांधा कुठे आहे, हे आता मलाही शोधावं लागेल. कोपऱ्यात लिहिलं: प्रत्यक्ष पाहून, ९ फेब्रुवारी, सकाळी सव्वादहा, उंची पंचेचाळीस फूट.

जेवणाच्या सुट्टीत चष्म्याला दाखवलं. हात अंगरख्याला पुसून चित्राजवळ आला, शिवलं मात्र नाही. बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, आता काढतो चूक.

"दीडच वेढा आहे," म्हणाला.

"मग?"

"स्टेशन उघडलं की हिला घेऊन येईन. तिकीट काढायचं नाही, नुसतं भिंतीसमोर उभं करायचं. म्हणायचं, शोध."

"शोधायचं काय त्यात? एवढा मोठा आहेस."

"तिला गोफ दिसणार नाही ना. भांडेल." आणि हसत हसत गेला.

गोफ खरंच नाही. तो खाली होता, म्हणून नव्हता. जे दिसलं ते काढलं.

१७ फेब्रुवारी

चष्मा पडला.

सकाळी साडेनऊला. वरून.

गेला.

१९ फेब्रुवारी

काम दोन दिवस बंद. लिहू नये असं वाटतं, पण नियम आहे.

मी पोचलो तेव्हा त्याला नेलं होतं. मुकादम वाळूच्या ढिगावर बसून होता. झेंडीवाल्या बाईने सांगितलं, चष्मा गळ्यातच होता, गोफाला. एक काच शाबूत होती.

हिने आज डब्यात सवयीने जास्तीची भाजी बांधली. मी काम बंद असूनही डबा घेऊन निघालो होतो, हे रस्त्याच्या वळणापर्यंत दोघांच्याही लक्षात आलं नाही. तिने मागून हाक मारली. परत आलो. ती भाजी आम्ही दोघांनीही खाल्ली नाही.

२४ फेब्रुवारी

सुरक्षावाल्या साहेबांनी बोलावलं. थंड खोली, काचेचं टेबल. चष्म्याचं चित्र भिंतीला टेकवून ठेवलेलं. वाटलं, त्याच्या आठवणीसाठी काही करणार असतील.

साहेब उठून उभे राहिले, मला खुर्ची दिली. म्हणाले, "तुमच्या कामाबद्दल ऐकलंय. असं म्हणतात की तुमच्या चित्रावरून नटाचा नंबर सांगता येतो."

"येतो."

"हे हुक बघा. स्प्रिंगसुद्धा दिसते. कल्पनेने नाही ना काढलं?"

"मी कल्पनेने काही काढत नाही साहेब. रेघन् रेघ बघून."

"आणि हा दिवस, ही उंची?"

"फीत लावून मोजलीय."

"मग तेवढं लिहून द्या. दप्तरासाठी."

कागद टाइप केलेला होता. 'सदर चित्र मी प्रत्यक्ष पाहून काढले असून त्यात वस्तुस्थितीहून काडीचाही फरक नाही.' सही केली. 'काडीचाही' हा शब्द मला आवडला. साहेबांनी दारापर्यंत येऊन हात मिळवला. मोठ्या माणसांत मला अचूक म्हणणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. चष्म्याला सांगायला हवं होतं, असं जिना उतरताना वाटून गेलं.

६ मार्च

चष्म्याची बायको घरी आली. पत्ता मुकादमाकडून घेतला. बारीक चणीची, आवाज शांत. हिने पाणी दिलं, ते हातातच धरून बसली.

"मास्तर, ते तुमच्याबद्दल फार बोलायचे. एक चित्र आहे म्हणे त्यांचं. बघायला मिळेल?"

मूळ चित्र साहेबांकडे आहे. मी त्याच मापाचं कच्चं चित्र कपाटातून काढून दाखवलं, त्यात सगळं आहे. ती खाली बसली. आधी हात बघितले, मग चेहरा. मग म्हणाली, "हे कुठे उभे आहेत?"

"वर. मचाणीवर."

"नाही."

"वहिनी, ही खालची गाड्यांची रांग बघा."

"गाड्या असू देत. हे खाली आहेत. चष्म्याला गोफ नाही." बोट चित्रावर ठेवलं, नेमकं कानाच्या मागे. "वर असते तर लावला असता. अठरा वर्षांत एकदाही विसरले नाहीत. तुम्ही यांना खाली बघून काढलंत आणि वर नेऊन ठेवलंत."

बाईंनी चित्र पाहिलं, साहेबांनी पाहिलं. सांधा कुणाला सापडला नव्हता.

मग तिने पिशवीतून घडी केलेला कागद काढला. कंपनीचा अहवाल. दोर वर होता आणि नेहमीप्रमाणे होता, चित्रात तो फक्त चौकटीबाहेर राहिलाय, असं त्यात लिहिलंय. कामगारालाच हुक न लावण्याची सवय होती, मृत्यूला त्याचा स्वतःचा निष्काळजीपणा कारण आहे, आणि पुरावा म्हणून 'अपघातापूर्वी आठ दिवस काढलेले चित्र, चित्रकाराच्या लेखी ग्वाहीसह'. खाली माझी सही. सहीसुद्धा कशी, स्वच्छ, सुवाच्य.

"पैसे मिळणार नाहीत म्हणतात, ते बघू पुढचं पुढे," ती म्हणाली. "पण घरी त्यांचे वडील आहेत. त्यांनीच यांना गाठ मारायला शिकवलं. ते परवापासून एकच विचारतायत, माझ्या पोराने हुक लावला नव्हता का? मी काय सांगू त्यांना?"

ही आतून येऊन तिच्याजवळ जमिनीवर बसली. मी चित्र उलटं करून ठेवलं.

७ मार्च

साहेबांकडे गेलो. खुर्ची दिली नाही.

म्हटलं, "माणूस खाली होता साहेब. मागचा भाग वेगळ्या दिवशी काढला. मी दोन्ही जोडलं. आणि दोर वर नव्हताच, माझ्या कच्च्या वहीत तारखेनिशी आहे."

ते हसले, रागावले नाहीत. "काडीचाही फरक नाही असं लिहून देणारे तुम्हीच ना? आता फरक आहे म्हणता. मग वहीतल्या चित्रावर विश्वास कसा ठेवायचा? तेही जोडलेलं नसेल कशावरून? तुम्ही अचूक आहात की नाही, एकदा काय ते ठरवा."

बाहेर देखरेखवाल्या बाई भेटल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण बोलल्या सरळच. "तुम्ही खोटं जोडलं असं लेखी दिलंत तर मला तुमची सगळी चित्रं परत करावी लागतील. वेल्डर, क्रेन, सगळी. भिंतीवर एकही लागणार नाही. आणि नाही दिलंत..."

वाक्य पुरं केलं नाही. बाई शहाण्या आहेत.

सरकारी चौकशी अधिकारी परवा सकाळी अकराला बसणार आहेत. तिथे कुणीही जाऊन सांगू शकतं.

८ मार्च

कच्ची वही काढली. ९ फेब्रुवारीचं पान सापडलं: मचाण, फळ्या, सळया. दोर अडकवायच्या दोन कड्या आहेत, रिकाम्या. कड्या काढल्या होत्या मी. मोठ्या चित्रात सळयांच्या गर्दीत त्या पुसट झाल्या, पण इथे स्पष्ट आहेत. वेळ लिहिलेली आहे. पण हा नुसता कागद आहे, साहेब म्हणाले तसा. याला आधार एकच, तो म्हणजे ही दैनंदिनी. दोर का काढला, चष्म्याने मुकादमाला दोनदा सांगितलं होतं, तो खाली दोन फुटांवर होता, सगळं त्या त्या दिवशी लिहिलेलं.

म्हणून आज पहिल्यापासून वाचली.

९ फेब्रुवारीला थांबलो. 'बरं झालं.'

वही हिच्या हातात दिली. तिने ते पान उभ्यानेच वाचलं. दोनदा. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "एवढी एक ओळ खोडली तर? बाकीचं पुरेसं आहे की."

"खोडलेलं दिसतं."

"मग पानच फाडा. ११ तारखेचं आहे ना, त्यात दोराचं आलंय."

"९ चं पान नसेल तर ९ चं चित्र कोण मानणार?"

तिने वही मिटली. मग हळूच विचारलं, "अहो, तुम्हाला त्या दिवशी खरंच बरं वाटलं होतं?"

"हो."

"आणि कुणाला सांगावंसं नाही वाटलं? की दोर नाही, माणसं पडतील?"

या प्रश्नाला उत्तर लिहायचं तर लिहितो. नाही वाटलं. मला फक्त एवढंच दिसलं की चित्रातली एक आडवी रेघ कमी झाली. आठ दिवस त्याला माहीत होतं, मुकादमाला माहीत होतं, मला माहीत होतं. तो बिचारा दोनदा बोलला तरी. मी साहेबांच्या माणसांत बसत-उठत होतो, बाईंना एका शब्दाने सांगितलं असतं तर दुपारी दोर लागला असता. मी अंगठ्याची सावली काढत होतो.

वॉशर चुकला तर लांबचा फिटर अडेल, म्हणून बावीस वर्षं जपलं. हा समोर उभा होता.

९ मार्च

सकाळचे साडेनऊ. चौकशीला निघायचंय. कच्ची वही पिशवीत ठेवली. आता ही ठेवीन. परत कधी मिळेल माहीत नाही, म्हणून हे शेवटचं.

पान फाडलं नाही.

बाईंना पत्र पाठवलं, सगळी चित्रं परत द्या म्हणून. त्यांनी काढून टाकण्याआधी मीच काढून घेतली, एवढा ताठा अजून शिल्लक आहे, तोही लिहून ठेवतो. वेल्डरचं चित्र मात्र भिंतीवर लागायला हवं होतं. त्याने आपल्या आईला सांगून ठेवलंय.

चष्म्याची बायको खाली येऊन थांबलीय. खिडकीतून दिसते. तिच्या हातात तो लाल गोफ आहे, पुरावा म्हणून आणते म्हणाली होती. बोटाला गुंडाळते, सोडते. दीड वेढा. मोजायचं नव्हतं, मोजलं गेलं.

सासऱ्यांना काय सांगायचं, हे तिने त्या दिवशी मला विचारलं होतं. आज जाताना तिला म्हणेन, त्यांना एवढंच सांगा: तुमच्या मुलाच्या कमरेला दोन्ही हुक होते, अडकवायला दोर नव्हता, आणि हे एका माणसाला आठ दिवस आधी दिसलं होतं.

मोठं चित्र कंपनीच्या ताब्यात आहे, त्याला हात लावता येत नाही. म्हणून कच्च्या चित्राच्या कोपऱ्यात दुरुस्ती केली. 'प्रत्यक्ष पाहून' वर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं:

माणूस खाली होता. वर दोर नव्हता. दोन्ही मी पाहिलं होतं.